पिवळा न पडणारा पांढरा

माझा मामा उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात स्प्रे पेंटर होता. रस्त्याला लागून काचेची चकचकीत दुकानं आणि त्यांच्या पाठीमागच्या बोळात पत्र्याच्या शेडमधली वर्कशॉपं. पुढे दुकानात नवी जोडपी पलंगावर बसून गादी दाबून बघायची, आणि मागे तेच पलंग कच्च्या प्लायचे, एकमेकांना टेकवून उभे असायचे. मामाचं काम सगळ्यात शेवटी. सुतार गेला, पुट्टी झाली, पॉलिश पेपर मारून झाला, की मामा गन हातात घ्यायचा आणि लाकडाला पांढरं करायचा.

आम्ही अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर राहायचो. मे महिन्यात आई मला मामाकडे सोडायची. मामा-मामीला मूल नव्हतं, त्यामुळे उल्हासनगर कॅम्पातल्या त्यांच्या एका खोलीत मी राणीसारखी असायची. दुपारी मामी डबा भरायची आणि आम्ही दोघी तो पोचवायला वर्कशॉपवर जायचो. कॉम्प्रेसरचा आवाज बोळाच्या तोंडापासून ऐकू यायचा. थिनरचा वास मला तेव्हा आवडायचा, हे आता सांगायला विचित्र वाटतं. मामा आम्हाला आत येऊ द्यायचा नाही. "थांब तिथंच, धूळ उडेल," म्हणायचा. त्याला काळजी आमची नसायची, ओल्या रंगावर बसणाऱ्या धुळीची असायची.

दारातून मी बघायची. आधी तो एका पुठ्ठ्यावर गन मारून बघायचा. मग पलंगाच्या माथ्यापासून सुरुवात. हात एका सरळ रेषेत जायचा, मनगट अजिबात वळायचं नाही, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढायचा. पहिल्या हाताला लाकूड नुसतं धुरकट दिसायचं. दुसऱ्या हाताला ते एकदम उजळायचं. त्या वेळी लग्नाच्या फर्निचरमध्ये पांढऱ्याची फॅशन आली होती. पांढरा पलंग, पांढरं कपाट, पांढरं ड्रेसिंग टेबल, कडेला सोनेरी पट्टी. बाजारातले लोक म्हणायचे, पांढरा मारावा तर याच्या हातानं.

मी कॉलेजात होते, केमिस्ट्री घेतली होती, तेव्हाची एक दुपार मला अजून तशीच आठवते. आम्ही डबा घेऊन पोचलो तर वर्कशॉपसमोर टेम्पो उभा. टेम्पोतून एक ड्रेसिंग टेबल उतरवत होते. बरोबर, जिच्या लग्नात ते टेबल दिलं होतं त्या मुलीचे वडील होते, कल्याणकडचे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. टेबल खिडकीजवळ ठेवलेलं असणार, कारण एका बाजूनं ते पार पिवळं पडलं होतं आणि भिंतीकडची बाजू पांढरीच होती. वरच्या फळीवर फुलदाणी असायची त्या जागी एक पांढरा गोल राहिला होता. जसा कुणी चंद्र काढावा.

दुकानाचे मालक सिंधी. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. गल्ल्यावरून उठून ते मागे आले, टेबलाभोवती फिरले आणि मामाला म्हणाले, "ये क्या है? दूध दिया था मैंने कस्टमर को, चाय बन गई."

मामा म्हणाला, "शेठ, माल तोच. हात तोच. मी काही कमी केलं नाही."

"तो फिर पीला कैसे हुआ? सस्ता थिनर मारा?"

"शेठ, आईशप्पथ."

मुलीचे वडील नुसते त्या पांढऱ्या गोलाकडे बघत होते. मामानं डबा घेतला नाही. त्यानं टेबल आत नेलं आणि सगळा रंग घासायला बसला. मामी आणि मी तसाच डबा घेऊन घरी आलो. त्या उन्हाळ्यात आणखी काही वस्तू परत आल्या. मामा प्रत्येक वेळी कारण शोधायचा. कधी पुट्टी बदलली, कधी थिनर बदललं, एकदा गनच नवीन घेतली. घरी जेवताना एकदा मामीला म्हणाला, "माझ्या हातात काहीतरी बिघडलंय." मामीनं त्याचा हात उलटापालटा करून बघितला, जसा डॉक्टर बघतो, आणि म्हणाली, "हाताला काय धाड भरलीय? जेवा."

पदवी झाल्यावर मला बदलापूरच्या एमआयडीसीत नोकरी लागली. छोटा कारखाना. रंगात मिसळायचे हार्डनर बनायचे. मी लॅबमध्ये. लॅबच्या प्रमुख एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, अतिशय कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्या मला गच्चीवर घेऊन गेल्या. कठड्याला टेकवून लोखंडी पट्ट्या ओळीनं उन्हात ठेवल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या रंगवलेल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळलेला. मॅडमनी एका पट्टीवरचा कागद सोडला. झाकलेला भाग पांढरा, उघडा भाग पिवळा. मग शेजारच्या पट्टीचा सोडला. तिथं कागद कुठं होता हेच कळेना.

"दोन्हीकडे पांढरा रंग एकाच डब्यातला," मॅडम म्हणाल्या. "फक्त हार्डनर वेगळा."

मी तिथंच उभी राहिले. माझ्या डोळ्यांपुढे तो फुलदाणीचा गोल आला.

मॅडमनी समजावलं ते असं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंगाचे, मामा मारायचा त्याचेही, दोन डबे असतात. एका डब्यात रंग आणि राळ. दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही मिसळले की हार्डनरच्या रेणूचे टोकाचे हात राळेला पकडतात आणि सगळ्याचं मिळून एक जाळं विणलं जातं, म्हणून तो रंग नखानं खरवडला तरी निघत नाही. पण ते हात कुठल्या अंगाला जोडलेले आहेत, यावर पुढचं सगळं. बाजारातल्या स्वस्त हार्डनरमध्ये ते अंग म्हणजे बेंझीनचं कडं. हे अॅरोमॅटिक. पटकन वाळतो, कडक होतो, पण कड्यावर ऊन पडलं की ते हळूहळू बदलतं आणि रंग पिवळा दिसायला लागतो. दुसऱ्या जातीत अंग म्हणजे कार्बनची साधी सरळ साखळी. हे अॅलिफॅटिक. साखळीला उन्हाचं काही देणंघेणं नाही. वाळायला वेळ लावतो, महाग पडतो, पण पांढरा तो पांढराच राहतो.

त्या संध्याकाळी मी घरी न जाता थेट उल्हासनगरला गेले. मामा नुकताच अंघोळ करून बसला होता. मी चप्पल काढता काढताच सांगितलं, "मामा, तुझा हात नव्हता चुकला."

त्याला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतेय. मग मी वर्तमानपत्राच्या कडेला कडं काढलं, साखळी काढली, गच्चीवरच्या पट्ट्या सांगितल्या. मामीनं चहा ठेवला होता तो उकळून उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

"म्हणजे शेठ आणत होता तो हार्डनरच तसला?" मामानं विचारलं.

"शेठलाही माहीत नसणार. लाकडावर सगळीकडे तोच चालतो. गडद रंगात कळत नाही ना. पांढऱ्यात दिसतं."

मामानं कागदावरच्या त्या कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "इतके दिवस मी माझ्याच हाताला शिव्या देत होतो गं." आणि हसला. त्याचं ते हसू मी फार दिवसांनी बघितलं.

आमच्या कारखान्यात तेव्हा अॅलिफॅटिक हार्डनर नुकता सुरू होत होता. कच्चा माल बाहेरून ड्रममधून यायचा. पाण्यासारखा पातळ, आणि विषारी. तो तसाच रंगात वापरता येत नाही, कारण त्याची वाफ होते आणि ती छातीत जाते. म्हणून त्याचे तीन तीन रेणू एकमेकांना जोडायचे. प्रत्येक रेणूला दोन हात. तिघं एकेक हात आत घालून फेर धरतात, आणि प्रत्येकाचा दुसरा हात बाहेर मोकळा राहतो. तो पुढे रंगातल्या राळेला पकडायला. असा जाडजूड तिहेरी रेणू सहजी हवेत उडत नाही.

मी मॅडमना विचारलं होतं, "पण मॅडम, फेर धरला म्हणजे हेही कडंच झालं ना? मग पिवळं पडणार."

मॅडमना प्रश्न आवडला असावा, कारण त्या चक्क खुर्ची ओढून बसल्या. "कडं कडं वेगळं असतं. बेंझीनचं कडं ऊन पिऊन घेतं. याला ऊन दिसतच नाही."

सोपं सांगितलं, पण करायला अवघड होतं. फेर धरायला लावणारं उत्प्रेरक अगदी थेंबांनी घालायचं. एकदा गाडी सुरू झाली की स्वतःचीच उष्णता निघायला लागते. वेळेत थांबवलं नाही तर तिघांच्या फेराला आणखी फेर जोडले जातात, माल दाट होत जातो आणि शेवटी रिअॅक्टरमध्ये आख्खी जेली बसते. म्हणून खालून नमुने यायचे आणि आम्ही वर टायट्रेशन करायचो. नमुन्यात अमाइन नावाचं रसायन जास्तीचं घालायचं, मोकळे हात त्याला पकडतात, जे उरतं ते अॅसिड सोडून मोजायचं. फ्लास्कमधला निळा रंग थेंबागणिक फिका होत जायचा आणि एका थेंबाला पिवळा व्हायचा. त्यावरून कळायचं मोकळे हात किती राहिले.

एके दुपारी ते फार भराभर कमी व्हायला लागले. मी आकडा सांगितला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "परत कर." मी परत केलं. आकडा तेवढ्या वेळात आणखी खाली गेला होता. मॅडम पेन टेबलावर टाकून जिन्यानं पळत खाली गेल्या. मी त्यांना त्याआधी आणि त्यानंतर कधी पळताना पाहिलं नाही. खालून त्यांचा आवाज आला, "स्टॉपर टाका! वाट बघू नका!" थांबवायचं अॅसिड आत गेलं, थंड पाणी रिअॅक्टरभोवतीच्या जॅकेटमध्ये फिरवलं, आणि हळूहळू तापमान उतरलं. मॅडम वर आल्या, बेसिनवर तोंड धुतलं आणि म्हणाल्या, "चहा सांग गं दोन."

पुढे त्या मालातून राहिलेला पातळ, विषारी भाग निर्वातात, पातळ पापुद्र्यासारखा पसरवून काढून घ्यायचे. उरायचा तो मधासारखा, पण बिनरंगाचा द्रव. बाटलीत धरला तर पलीकडची खिडकी स्वच्छ दिसायची. वास जवळजवळ नाही.

मॅडमच्या परवानगीनं मी एक सॅम्पल डबा मामाकडे नेला. शेठनी तो हातात घेऊन फिरवला. "बेटी, ये महँगा होगा."

"महाग आहे शेठ. पण माल परत येणार नाही."

"सब यही बोलते हैं," शेठ म्हणाले. पण त्यांनी एक कपाटाचं दार दिलं. मामानं ते मारलं. त्याला लगेच फरक कळला. "हा आरामात बसतो. पळायची घाई नाही याला," म्हणाला. ते दार वाळल्यावर शेठनी दुकानाच्या पत्र्यावर टाकून दिलं. उन्हाळाभर पडलं होतं तिथं, कबुतरांनी घाण केली, धुरळा बसला. पावसाळ्याआधीच्या साफसफाईत खाली उतरवलं आणि मामानं ओल्या फडक्यानं पुसलं. पांढरंशुभ्र. शेठनी शेजारच्या दुकानदारांना बोलावून ते दाखवलं, जणू त्यांच्याच घरचं पोर पहिलं आलंय. मामाच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "उस टाइम मैंने तुझे बोला था ना, मेरी गलती थी."

मामानं घरी येऊन हे वाक्य मामीला दोनदा सांगितलं.

त्यानंतरची काही वर्षं फार चांगली गेली. मला आठवतात ती तीच. मामाला बाजारात पांढऱ्याचा मास्टर म्हणायला लागले. माझं लग्न झालं, मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला आले, आणि माझं कपाट अर्थातच मामानं मारलं. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची दारं त्यानं बुद्धपौर्णिमेच्या आधी पांढरी करून दिली. पौर्णिमेला सकाळी वंदनेला आम्ही सगळे गेलो तर बायका दाराशी थबकून चकाकत्या रंगात बघून आपला पदर नीट करत होत्या. मामा लांब उभा राहून बघत होता. पांढरा शर्ट, पांढरी पँट. मामी माझ्या कानात म्हणाली, "बघ, आज स्वतःलाही मारून आलेत."

खोकला कधी सुरू झाला ते नक्की सांगता येत नाही. मामीनं पहिल्यांदा मला सांगितलं तेव्हा म्हणाली, "संध्याकाळी घरी येतात ते खोकतच. छातीत शिट्टी वाजते. रविवारी मात्र काही नाही बघ." ती हे सहज म्हणाली. माझ्या मात्र ते वाक्य डोक्यात अडकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "मास्क कुठला लावतात?"

"मी दिलेला आहे. पण उकडतं म्हणून गळ्यात असतो. तोंडाला रुमाल."

"सुट्टीत बरं वाटतं?"

"हो."

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "वास नाही म्हणून लोकांना वाटतं धोका नाही. डब्यात असतो तोवर तो फारसा उडत नाही, हे खरं. पण गनमधून मारला की बारीक तुषार होतात. ते श्वासाबरोबर आत जातात, आणि आत गेल्यावर ते मोकळे हात काय राळेलाच पकडतील असं नाही. एकदा का शरीरानं ओळख धरली, की ते विसरत नाही. मग नखभर सुद्धा चालत नाही. मी बघितलंय एकाला. त्यांना काम थांबवायला सांग."

मी सांगितलं. मामा चिडला. "आख्खं आयुष्य थिनर प्यायलोय मी. आता हा बिनवासाचा मला काय करणार?"

"मामा, वासाचा आणि याचा संबंध नाही."

"तूच आणलास ना तो? तूच म्हणालीस चांगला आहे."

"रंगाला चांगला आहे. छातीला नाही. म्हणून तर मास्क दिला."

मामी मध्ये पडली, "भांडू नका, जेवून घ्या," आणि विषय तिथंच राहिला.

पुढच्या महिन्यात वांगणीकडे मामीच्या माहेरी लग्न निघालं. मामा आठवडाभर तिकडं राहिला. शेतात फिरला, मांडव घातला, वरातीत नाचला सुद्धा. खोकला नाही. मला फोन करून म्हणाला, "बघ, उगाच घाबरवत होतीस." परत आला, वर्कशॉपवर गेला, हार्डनरचा डबा उघडला, मिसळला आणि पहिला पट्टा मारायला घेतला. पलंगाचा माथाही पुरा झाला नाही. गन हातातून सुटली आणि तो जमिनीवर बसला. सुताराला वाटलं चक्कर आली. मामाला बोलताच येत नव्हतं, नुसता हातानं छाती दाखवत होता.

शेठ दुकान उघडं टाकून आले. त्यांनी मामाला स्वतःच्या स्कूटरवर मधे बसवून, मागून धरायला सुताराला घेऊन हॉस्पिटलात नेलं. मी पोचले तेव्हा मामाच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि शेठ बाहेरच्या बाकावर बसले होते, शर्टाला पांढऱ्या रंगाचे डाग. मला बघून उठले. "बेटी, अभी साँस ठीक है. अभी ठीक है," हेच परत परत म्हणत राहिले.

डॉक्टरांनी मामाला एका नळीत फुंकायला लावलं, कामाचं सगळं विचारलं. मीही सांगितलं. आधीचा हार्डनर, नंतरचा हार्डनर, दोन्ही. कुठल्यानं झालं हे आता सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाले, आणि त्यानं फरकही पडत नाही. "गन बंद. ब्रशनंही नको. ज्या खोलीत हे मारतात त्या खोलीत जायचंही नाही."

मामा महिनाभर घरात बसला. मी जायची तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. एकदा उठून बसला आणि विचारलं, "तुमच्या कारखान्यात तर ड्रमच्या ड्रम असतो हा. तुम्ही कसे जगता?"

मी सांगितलं, सगळं बंद भांड्यात, पाइपातून. भांडं उघडायचं असेल तर माणूस डोकं-चेहरा पूर्ण झाकणारा टोप घालतो, आणि टोपात बाहेरची स्वच्छ हवा नळीनं येते.

मामा म्हणाला, "म्हणजे तुम्हाला नळी. आणि आम्हाला रुमाल."

तो रागानं बोलला नाही. दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. मॅडमनी कारखान्याच्या मालकांना सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी तो विचार केला नव्हता, कारण माल डीलरकडे गेला की आमचं काम संपत होतं. ठरलं असं की डब्यावर बारीक इंग्रजीत जे छापायचो ते मराठी, हिंदी आणि सिंधीत मोठ्या अक्षरात छापायचं, आणि फर्निचर बाजारात जाऊन पेंटर लोकांना दाखवायचं.

पहिलं प्रात्यक्षिक शेठच्या दुकानात झालं. रविवारी, रंग न मारता, नुसते टोप आणि नळी घेऊन. बोळातले पंधरा-वीस पेंटर आले होते, चहा-समोशासाठी जास्त. मी बोलायला लागले तर मागून कुणी म्हणालं, "मॅडम, ये पहन के तो अंतरिक्ष में जाएँगे." सगळे हसले. मी हातातला टोप टेबलावर ठेवला.

मामा मामीबरोबर आला होता. तो खुर्चीतून उठला. महिनाभरात गालफडं आत गेली होती. "हसा," म्हणाला. "मीही हसलो होतो. भाचीनं मास्क दिला, तो मी गळ्यात घालून मिरवला." मग थोडं थांबला, श्वास घेतला. "मला आता गन धरता येत नाही. रंग मारलेल्या खोलीत पाय ठेवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला संध्याकाळी खोकला आणि रविवारी बरं वाटत असेल, तर त्यानं मला बाहेर येऊन भेटावं. सगळ्यांसमोर नको."

कुणी हसलं नाही. कार्यक्रम संपल्यावर दोघंजण बाहेर त्याच्यापाशी उभे होते. त्यातला एक तर अगदी तरुण, नुकतं लग्न झालेला. पुढे त्यानं काम बदललं, आता रिक्षा चालवतो.

शेठनी शेडच्या एका कोपऱ्यात वेगळी स्प्रेची खोली बांधून घेतली, मोठा पंखा आणि बाहेरच्या हवेची नळी. सुरुवातीला बाजारात त्यांची चेष्टा झाली. नंतर दोन-तीन जणांनी तशीच बांधली. सगळ्यांनी नाही. अजूनही त्या बोळात रुमाल बांधलेले लोक दिसतात आणि मी थांबून बोलते. काही ऐकतात, काही हात हलवून वाटेला लावतात.

मामाचं काय करायचं, हा प्रश्न शेठनीच सोडवला. एक दिवस ते मामाच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "तू गन के पहले क्या करता था?"

"लाखेचं पॉलिश. कापसाच्या बोळ्यानं. पोटापुरतं."

"वो अभी भी आता है?"

"हाताला विचारावं लागेल," मामा म्हणाला.

बोळातल्या शेडपासून लांब, शेठच्या घराच्या मागच्या पडवीत एक जुनी सागवानी खुर्ची त्याला दिली. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, मलमलच्या फडक्यात कापूस, दुसरं काही नाही. डॉक्टरांना विचारूनच सुरू केलं. मी पहिल्या दिवशी जवळ बसून होते, त्याचा इन्हेलर माझ्या हातात. तो फडकं गोल गोल फिरवत होता, थांबायचा नाही, कारण थांबलं की डाग पडतो. गनपेक्षा किती तरी सावकाश काम. थर वाळायचा, परत फिरवायचा. संध्याकाळपर्यंत खुर्चीच्या एका हातावर लाकडाची रेघ न रेघ उठून दिसायला लागली. खोकला आला नाही. मी इन्हेलर पर्समध्ये टाकला तेव्हा कळलं की दिवसभर तो किती घट्ट धरला होता.

ते काम त्याला पुरलं. आता लोकांना पुन्हा जुन्या सागवानी वस्तू आवडायला लागल्यात. पुण्या-मुंबईचे लोक आजोबांच्या खुर्च्या घेऊन येतात. मामा-मामी उल्हासनगर सोडून बदलापूरलाच सोनिवलीत एका नव्या इमारतीत राहायला गेले. तळमजल्याला मागे थोडी मोकळी जागा आहे, तिथं मामा काम करतो. पांढऱ्याचं नाव काढत नाही. हात मात्र अजून तसाच सरळ जातो.

मॅडम निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी मला त्यांची खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "आकडा खोटा वाटला तर परत कर. पण दुसऱ्यांदाही तसाच आला तर पळ." मी आता लॅब सांभाळते. आमच्याकडे हल्ली पाण्यात मिसळणारा हार्डनर बनतो, साखळीला पाण्याची आवड असलेला तुकडा जोडून. थिनर कमी लागतं. पण गनमधून मारला की तुषार त्याचेही होतातच, म्हणून त्याच्या डब्यावरचा टोपाचा मजकूर मी तेवढ्याच मोठ्या अक्षरात ठेवायला लावला.

गेल्या थंडीत मामा-मामी आमच्याकडे जेवायला आले. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी वरून वाकून ओरडले, "मामा, थांब, मी खाली येते, सावकाश चढू." मामीनं वर बघून हात केला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकली. मामा चढत राहिला. मधल्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराशी थांबला. मी घाबरून धावत खाली गेले तर तो त्या दाराला हात लावून बघत होता.

"दम लागला?" मी विचारलं.

"नाही गं," म्हणाला. "यांनी दार कुणाकडून रंगवून घेतलं बघ. कड सुटलीये." आणि माझ्या पुढे होऊन चढायला लागला. खालून मामीची हाक आली, "अहो, मलाही कुणी हात द्या!"